भाड्याचं घर, वीस इंच ओटा

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं स्वयंपाकघराबद्दल होती, त्यातही भाड्याच्या घरातल्या ओपन किचनबद्दल, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज हाच विषय.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही वाकडला वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो, मी, नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा. किचन ओपन आहे म्हणजे हॉलच्याच एका भिंतीला सहा फुटी ओटा, त्यात सिंक, त्यातच गॅस, मग उरतं काय. वर दोन दारांचं एक कपाट आणि ओट्याखाली नुसत्या कडप्प्याच्या फळ्या. मालक म्हणतात भिंतीला एकही खिळा मारायचा नाही. मिक्सर काढला की पोळपाटाला जागा नाही, पोळ्या चालू असतील तर भाजी टीपॉयवर बसून चिरायची. महिन्याचं सामान बेडरूममध्ये पिशव्यांत पडलंय. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं, त्यामुळे फार खर्च करावासाही वाटत नाही. काय करू?

उत्तर : आधी टेप घ्या आणि ओटा मोजा, कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असाय की सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्यातले बावीस-चोवीस इंच सिंकचे, दोन बर्नरची शेगडी आणि तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून अठ्ठावीस-तीस, म्हणजे तुमच्या हातात राहतात जेमतेम वीस इंच. आता त्या वीस इंचात काय काय उभंय ते बघा. मिक्सर, तेलाची बरणी, मिसळणाचा डबा, चमचाळं, भांडी निथळायचं टोपलं, कदाचित पाण्याचा फिल्टर. म्हणजे खरं तर तुमच्याकडे ओटा शिल्लकच नाहीये, आहे ती फळी आहे.

मला तुम्हाला एकच गोष्ट आग्रहाने सांगायचीये, आधी हात चालवायला जागा करा, सामान ठेवायची सोय त्यानंतर. बहुतेक घरांत हे उलटं होतं, अडचण झाली की आपण पहिल्यांदा रॅक आणतो, दोन मजली, तीन मजली, ते ओट्यावरच ठेवतो, त्यात सामान छान बसतं आणि मग लाटायला दहा इंच राहतात. ओट्यावर ठेवायचा कुठलाही रॅक, स्टँड, ऑर्गनायझर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. ओट्यावर रोज दोन्ही वेळेला लागणारी वस्तूच राहील आणि तीही हाताच्या पंजात मावेल एवढीच, हा नियम आठवडाभर पाळून बघा.

आता कामाचा क्रम. धुणं, चिरणं, लाटणं, भाजणं. लाटायची जागा शेगडीला लागूनच हवी, कारण पोळी पोळपाटावरून तव्यावर जायची असते, तिला मध्ये प्रवास नको. चिरायची जागा मात्र सिंकजवळ चालते, किंबहुना तिथेच बरी. म्हणून तुमचे ते वीस इंच पोळपाट आणि पराती­साठी राखून ठेवा आणि चिरायचं काम सिंकवर न्या. सिंकवर बसेल अशी लाकडी फळी करून घ्यायची, सिंकच्या रुंदीपेक्षा पुढे आणि मागे किमान दोन-दोन इंच जास्त, म्हणजे ती ग्रॅनाइटवर नीट टेकते, आणि खालच्या बाजूला दोन पट्ट्या मारून घ्यायच्या ज्या सिंकच्या आत उतरतात, मग सुरी चालवताना फळी सरकत नाही. सुतार हे काम उभ्या उभ्या करून देतो. फळी भरीव लाकडाची हवी, सागवान किंवा बाभूळ चालेल, प्लायवूडचा तुकडा अजिबात नको, चिरताना त्याचे थर सुटतात आणि त्यातला गोंद भाजीत जातो. सिंकची पूर्ण लांबी झाकू नका, एका टोकाला हाताएवढी फट ठेवा, सालं आणि धुतलेल्या भाजीचं पाणी तिकडून खाली, फक्त खाली जाळी ठेवा नाहीतर पाइप तुंबेल. काम झालं की फळी धुवून भिंतीला उभी, तिला ओट्यावर जागा लागत नाही.

काही जण अशीच फळी शेगडीवर टाकतात, वापर नसताना तेवढीच जागा मिळते म्हणून. ते करू नका. नॉब चुकून फिरला, लहान मुलाचा हात लागला, किंवा बर्नर अजून गरम असताना फळी टाकली तर काय होईल ते सांगायला नको, आणि तुमच्याकडे तर तीन वर्षांचं मूल आहे.

आणखी एक. सगळं काम उभ्यानेच आणि ओट्यावरच झालं पाहिजे असं कुठे आहे? आपल्या आया-आज्या जमिनीवर बसून विळीवर अख्ख्या घराची भाजी चिरायच्या. मेथी निवडणं, मटार सोलणं, लसूण, कोथिंबीर, शेंगा मोडणं ही सगळी बसून करायची कामं आहेत, ती ओट्यावरून उतरवली तर उरलेल्या जागेवरचा ताण निम्मा होतो. तुम्ही टीपॉयवर भाजी चिरता याचं तुम्हाला वाईट वाटतंय पण ती पद्धत चुकीची नाहीये. विळी वापरणार असाल तर घडीची घ्या आणि मूल झोपल्यावरच काढा.

आता मुख्य खर्चाची गोष्ट, आणि इथे मी म्हणेन की थोडे पैसे जाऊ द्या, कारण ही वस्तू पुढच्या घरात आणि त्याच्याही पुढच्या घरात तुमच्याबरोबर येणार आहे. हॉल आणि किचनच्या सीमेवर एक चाकांचं टेबल उभं करायचं, दोन फूट रुंद, साडेतीन-चार फूट लांब, आणि उंचीला तुमच्या ओट्याएवढं. ओट्याची उंची आपल्याकडे साधारण ३२ ते ३४ इंच असते पण तुमची मोजूनच घ्या, आणि टेबल तुमच्या एकटीच्या वापराचं असेल तर तुमच्या अंगाने ठरवा, कोपरातून हात वाकवून जमिनीला समांतर धरायचा आणि त्याच्या चार ते सहा इंच खाली टेबलाचा वरचा पृष्ठभाग. पोळ्या लाटणं, कणीक मळणं जास्त असेल तर सहाच्या बाजूला झुका, वरून जोर देता येतो, खांदे भरून येत नाहीत.

असं टेबल करायचे तीन मार्ग. एक, हॉटेलचं सामान विकणाऱ्या दुकानांत स्टेनलेस स्टीलचं वर्क टेबल मिळतं, खाली एक किंवा दोन फळ्या असलेलं, हे सगळ्यात टिकाऊ, गंजत नाही, गरम कुकर थेट ठेवता येतो, आणि बंद पडलेल्या कॅफेचं सेकंडहँड मिळालं तर फारच छान, मुंबईकरांनी त्यासाठी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातही चक्कर मारायला हरकत नाही. दोन, जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम करून घ्यायची आणि वर १८ मिलिमीटरचा प्लाय, त्याला सनमायका, कडांना पट्टी. तीन, त्याच फ्रेमवर ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा टाकायचा, मार्बलवाल्यांकडे असे तुकडे पडून असतात. दिसायला तिसरा मार्ग सुंदर, पण वजनाचा हिशोब करा. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, म्हणजे दोन बाय चारचा तुकडा ३६ किलो, आणि तेवढ्याच मापाचा प्लाय नऊ-दहा किलो. दर एक-दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या माणसाने ३६ किलोचा दगड घेऊन जिने चढू नयेत, माझं मत प्लायला किंवा स्टीलला. प्लाय घेताना फक्त एक बघा, त्यावर आयएस ७१० लिहिलेलं हवं, तो पाण्याला टिकतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड किचनमध्ये आणूच नका, एक पावसाळा गेला की कडा फुगतात, कोकणात आणि मुंबईत तर त्याहूनही लवकर.

चाकं चारही ब्रेकवाली घ्या. दुकानदार दोन ब्रेकवाली आणि दोन साधी देतो, पण कणीक मळताना दोन ब्रेकवर टेबल गोल फिरतं. आणि टेबल ओट्यापासून किती लांब, तर मध्ये तीन फूट ठेवा. एकटं माणूस अडीच फुटात काम करतं पण फ्रीजचं दार पूर्ण उघडायला हवं, खालून सिलिंडर ओढून काढता यायला हवा, आणि मागून पोरगं पळत आलं तर तुमच्या हातातलं गरम भांडं त्याला लागायला नको. टेबलाची हॉलकडची बाजू बंद करा, प्लायने किंवा साध्या जाड कापडाने, किचनकडची उघडी. म्हणजे पाहुण्यांना डबे दिसत नाहीत आणि तुम्हाला हात घातला की सापडतात. याच्या वरच्या फळीवर मिक्सर कायमचा, स्विचबोर्डच्या जवळच्या टोकाला, मधल्या फळीवर रोजचे डबे, सगळ्यात खाली कुकर, कढया, जड परात. हॉल-किचनचा पडदा वगैरे लावायची मग गरजच राहत नाही, टेबल हीच सीमा होते, आणि चार जण आले तर ओढून नेऊन त्यावर वाढूनही घेता येतं.

ओट्याखालच्या कडप्प्याच्या फळ्या तुम्ही कमी लेखताय. त्या खोल असतात, दोन फुटापर्यंत, आणि मागचं काही दिसत नाही म्हणून आपण पुढच्या आठ इंचांतच सगळं कोंबतो. मागच्या जागेसाठी कडी असलेले प्लास्टिकचे लांबट क्रेट घ्या, भाजीवाल्यांकडे असतात तसे पण छोटे, अख्खा क्रेट ओढून बाहेर काढायचा, हीच तुमची ट्रॉली. पुण्यात बोहरी आळीत हवं ते माप मिळतं, फक्त जाण्याआधी फळीची रुंदी, खोली आणि दोन फळ्यांमधली उंची तिन्ही मापं लिहून न्या, उंची लोक विसरतात.

ओट्याखाली सिलिंडर असेल तर त्या खणाला मात्र वेगळे नियम. भरलेला घरगुती सिलिंडर म्हणजे आत १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचं जवळजवळ तेवढंच वजन, तो कायम उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, आणि तो खण कधीही पूर्ण बंद करायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो, त्यामुळे दार लावलंच तर त्याला खालच्या बाजूला भोकं हवीत. पाइप गॅस असेल तर उलट, तो हवेपेक्षा हलका, त्याला बाहेर पडायला वरच्या बाजूला वाट हवी. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदला, आणि भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूची नळी तशीच चालू असण्याची शक्यता फार, राहायला गेल्या दिवशी पहिलं काम तेच करा. बाकीच्या खणांना सुती पडदा चालतो, भिंतीला न ठोकता दोन बाजूंना दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो त्यावर, नायलॉनचा नको.

आता भिंत. चिकटवायचे हुक टाइल्सवर चांगले बसतात, रंगावर बसत नाहीत, ऑइलबाउंड किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवरून ते पापुद्र्यासकट निघतात आणि मग डिपॉझिटमधून रंगाचे पैसे. टाइलवरही आधी तेलाचा थर काढा, साबण, मग स्पिरिटने पुसून कोरडं, हुक दाबून एक दिवस तसाच राहू द्या, दुसऱ्या दिवशी वजन. पाकिटावर जेवढे किलो लिहिलेत त्याच्या निम्मे धरून चाला, वाफेने चिकटपणा कमी होतो. त्यावर सांडशी, झारा, गाळणी, किसणी, कात्री, लाटणं. काचेची बरणी किंवा मसाल्याचा रॅक शेगडीच्या वर कधीच नाही.

उंच रॅक हवा असेल तर लोखंडी अँगलचा, नटबोल्टवाला. ऑफिसमध्ये फायली ठेवतात तोच, पण १२ इंच खोलीचा घ्या, १८ इंची नको, डब्यांच्या मागे डबे गेले की मागचे विसरले जातात आणि दोन महिन्यांनी पोरकिडे झालेला रवा सापडतो. फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये जागा असेल तर तिथे. भिंतीला ठोकता येत नाही म्हणजे तो पडायची भीती आहे, मूल वर चढतं, त्यामुळे जड सामान खालच्या दोन फळ्यांवरच आणि वरचं टोक खिडकीच्या ग्रिलला जाड तारेने बांधून टाका. ग्रिल जवळ नसेल तर कमरेएवढ्या उंचीचाच रॅक घ्या, उंच नको.

डब्यांबद्दल. गोल डबा चौकोनी जागेत बसवला की चार कोपरे रिकामे राहतात, हिशोब केला तर एकवीस टक्के जागा जाते, म्हणजे पाच फळ्यांतली एक फळी. त्यामुळे नवीन घेणार असाल तर चौकोनी घ्या, एकावर एक बसणारे आणि बाहेरून दिसणारे. आईने लग्नात दिलेले स्टीलचे गोल डबे टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांना बेडच्या आतल्या स्टोरेजमध्ये पाठवा, तिथे महिन्याचं सामान, गहू, तांदूळ, डाळी, आणि किचनमध्ये त्यातून काढलेलं आठवड्याचं. दर रविवारी भरून घ्यायचं. पिशव्या जमिनीवर ठेवू नका, उंदीर-झुरळ सोडाच, पण फरशीची ओलसुद्धा लागते. आणि पंचवीस किलोचा गहू वन बीएचकेमध्ये घेऊच नका, पाच-सात किलो दळून आणा, पुण्यात गल्लीगल्लीत गिरणी आहे.

मालकांचं राहिलं. "एकही खिळा नाही" हे लोक सुरुवातीला म्हणतातच, पण नेमकं काय हवंय ते सांगून विचारलं तर बरेचदा हो म्हणतात. "किचनमध्ये एक चार फुटी स्टीलची पट्टी लावायचीय, चार भोकं, जाताना पुट्टी भरून रंग लावून देऊ" असं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. टाइलच्या सांध्यात भोक पाडा असा सल्ला खूप जण देतात, पण सांधा दोन-तीन मिलिमीटरचा आणि ड्रिलचा बिट सहाचा, दोन्ही टाइल्सच्या कडा उडतातच. त्यापेक्षा टाइल्स जिथे संपतात त्याच्या वरच्या प्लास्टरमध्ये पाडा, ते भोक अर्ध्या तासात बुजतं. फक्त स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली आणि नळाच्या सरळ रेषेत पाडू नका, आत वायर किंवा पाइप असतो. घर ताब्यात घेताना ओटा, कपाट, टाइल्स सगळ्याचे फोटो काढले नसतील तर आजच काढा. आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंय ना ते बघा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असायलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. भांडायला नाही सांगत मी हे, पण कराराला जी फिटिंग्जची यादी जोडलेली असते त्यात ओट्याखालच्या फळ्या, वरचं कपाट, कुठली टाइल आधीच तडकलेली आहे, हे लिहून घेतलं की शेवटी डिपॉझिटच्या वेळी दोघांनाही सोपं जातं.

क्रम लावायचा तर पहिल्या आठवड्यात ओटा रिकामा करा आणि सिंकची फळी, मग क्रेट, आणि टेबल पगार झाल्यावर. कदाचित फळी आणि क्रेट झाल्यावर तुम्हाला चार फुटी टेबल लागणारच नाही, तीन फुटी पुरेल, म्हणून ते शेवटी.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र डोंबिवलीत वन आरकेमध्ये राहतो. ओटा तीन फुटी. गॅस कनेक्शन नाही, इंडक्शनवर करतो, शिवाय एक मायक्रोवेव्ह आणि एक राइस कुकर आहे. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर चालतं, जागा नसल्यामुळे मायक्रोवेव्ह फ्रीजवर ठेवलाय. जागा वाढवायला काय करता येईल?

उत्तर : जागेचं नंतर, आधी तो एक्स्टेन्शन बोर्ड काढा. २००० वॉटचं इंडक्शन पूर्ण जोरावर चाललं की जवळजवळ नऊ अँपियर करंट घेतं, आणि साधा छोटा सॉकेट सहा अँपियरचा असतो. इंडक्शनची पिन मोठी असते ती यासाठीच, कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये घालायची नाही. मोठा, सोळा अँपियरचा सॉकेट घरात कुठे कुठे आहे ते शोधा, बहुतेक एक किचनमध्ये आणि एक गीझरचा, एक कदाचित एसीचा. इंडक्शन किचनच्या सॉकेटवर थेट, आणि ते चालू असताना त्याच बोर्डवर मायक्रोवेव्ह किंवा राइस कुकर नाही. वायर गरम लागत असेल किंवा प्लगला जळका वास येत असेल तर मालकांना सांगून इलेक्ट्रिशियन बोलवा, हे टाळू नका पोरांनो.

मायक्रोवेव्ह फ्रीजवरून उतरवा. दोघांनाही हवा लागते, आणि उंचावरून गरम रस्सा काढताना तो अंगावर येतो. तुम्हाला एक साधं स्टँड पुरेल, दोन बाय दीड फुटाचं, खालच्या फळीवर मायक्रोवेव्ह छातीच्या खाली, वर चिरायची जागा. तिघांचं सामान वेगवेगळं असतं हे मला माहितीये, तीन मिठाचे डबे, तीन तेलाच्या बाटल्या, तर ते एक करा. मीठ, तेल, तिखट, हळद, साखर, चहा एकत्र, महिन्याला वर्गणी काढून, बाकी ज्याचं त्याचं एकेका क्रेटमध्ये. तुमची अर्धी जागा तिथेच सुटेल. आणि तीन फुटी ओट्यावर घासलेली भांडी वाळत घालू नका, सिंकच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून वर उभा राहणारा रॅक मिळतो, पाणी थेट सिंकमध्ये गळतं, तो घ्या. एका माणसाला एक ताट, एक वाटी, एक पेला, ज्याचं त्याने घासायचं.

प्रश्न : मी जर्मनीत फ्रँकफर्टला भाड्याने घर घेतलंय. घर मिळालं तेव्हा किचनमध्ये नळ आणि स्टोव्हचं कनेक्शन सोडून काहीच नव्हतं. आधीचा भाडेकरू त्याचं किचन आम्हाला विकू पाहतोय. ते घ्यावं का? आणि इथले ओटे इतके उंच की माझ्यासारख्या पाच फुटी बाईला पोळ्या लाटताना खांदे भरून येतात.

उत्तर : तिकडे रिकामं किचन मिळणं हे नेहमीचंच आहे, आणि आधीच्याकडून किचन विकत घेणंही. घेण्याआधी बघा की ती कपाटं सुट्या युनिट्सची आहेत का, साधारण ६० सेंटीमीटर खोल आणि ठरावीक रुंदीची, तशी असतील तर पुढच्या घरात काही तरी बसेल. वरचा सलग टॉप मात्र त्या भिंतीच्या मापाने कापलेला असतो, तो पुढे जाईलच असं नाही, त्याचे पैसे कमी करून मागा. स्टोव्ह, फ्रीज किती जुने ते विचारा, आणि जे ठरेल ते यादीसकट कागदावर.

तुम्ही ज्या शहरात राहताय तिथेच १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी कामगारांच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं किचन डिझाइन केलं होतं, साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं, आणि ते हजारो घरांत बसवलं गेलं. फ्रँकफर्ट किचन म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा अभ्यास करून त्यांनी ते आखलं, खिडकीशी कामाचा टॉप आणि तिथे बसून काम करायला स्टूल, धान्या-पिठासाठी अ‍ॅल्युमिनियमचे ओढायचे खण, प्रत्येकावर नाव. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते स्टूल, बाईने दिवसभर उभंच राहायचं नाही हा विचार शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नकाशात बसवला. तुम्हीही तेच करा. तिकडचे टॉप ९० सेंटीमीटरच्या आसपास असतात, पाच फुटी बाईला ते चिरायला जमतं, लाटायला नाही. जेवणाचं टेबल ७२ ते ७५ सेंटीमीटर असतं, कणीक आणि पोळ्या तिथे, पोळपाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही, आणि टेबल स्टोव्हपासून एका पावलावर येईल असं मांडा. उभ्याने लाटायला ते थोडं खाली वाटलं तर उंच स्टूलवर टेकून लाटा. खालच्या युनिट्सना फिरवून उंची बदलायचे पाय असतात, ते दोन-तीन सेंटीमीटर खाली घेता येतात का तेही बघा.

प्रश्न : मी दुसऱ्या बाजूची आहे. कोथरूडला माझा एक वन बीएचके आहे, भाड्याने देते. किचन ओपन. दर वेळी भाडेकरू टाइल्सना भोकं पाडून जातात, म्हणून खिळा मारायला बंदी केली, तर आता चांगली माणसं घर बघून परत जातात. मी काय करून द्यावं?

उत्तर : काकू, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. लोक भोकं पाडतात कारण टांगायला काही नसतं, ते तुम्हीच एकदा करून द्या. ओट्याच्या वर टाइल्सवर एका रेषेत स्टीलचा पाइप, चार फुटी, त्यात दहा-बारा हुक, झारे-कढया तिथे जातात. वरची कपाटं १२ इंच खोल, थेट छतापर्यंत, खालची कड ओट्यापासून बावीस इंचांवर म्हणजे मिक्सर खाली बसतो. ओट्याच्या वर दोन सोळा अँपियरचे सॉकेट द्या, सिंकपासून लांब, हल्ली इंडक्शन, एअर फ्रायर सगळ्यांकडे असतं. ओट्याखाली महागड्या ट्रॉल्या करू नका, भाडेकरू बदलले की चॅनल तुटतात, त्यापेक्षा कडप्प्याच्या फळ्या आणि प्रत्येक खणाची उंची थोडी वेगवेगळी, एक मोठ्या पिंपासाठी, एक कुकरसाठी, एक ताटांसाठी. जाळीच्या टोपल्या बसवणारच असाल तर ३०४ ग्रेडचं स्टील मागा, २०२ सिंकजवळ लवकर गंजतं. सिंकखालचं दार आयएस ७१० च्या प्लायचं.

आणि हॉल-किचनच्या सीमेवर भिंतीला एक घडीची फळी, दोन मजबूत फोल्डिंग ब्रॅकेटवर, साडेतीन फुटी, ओट्याच्याच उंचीची. ब्रॅकेट तुमच्या माणसाकडून, विटेच्या भिंतीत, लांब फास्टनरने बसवून घ्या, पोकळ ब्लॉकची किंवा जिप्समची भिंत असेल तर ते वजन धरणार नाही, मग तिथे पाय असलेलं टेबलच ठेवा. करारात या सगळ्याची यादी फोटोसकट जोडा आणि एक ओळ टाका की प्लास्टरमध्ये चार भोकं चालतील, जाताना बुजवून द्यायची. छतापर्यंतची कपाटं देताय तर एक तीन पायऱ्यांची अ‍ॅल्युमिनियमची शिडीही घरातच ठेवा, नाहीतर वरचा खण कुणी वापरत नाही आणि सामान परत ओट्यावर येतं.